तेरा मतं, आणि जालन्याचं शून्य

१९०२ साली लॉर्ड कर्झनने निजामाकडून वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतलं, वर्षाला २५ लाख रुपये ठरवून. त्याचे पडसाद निजामाच्या राज्यातल्या जालन्यातही उमटले. हैदराबाद कंटिंजंट ही फौज हिंदुस्थानच्या लष्करात विलीन झाली आणि १९०३ मध्ये इथली छावणी उठली. छावणीच्या भरवशावर पोट भरणाऱ्यांना कुणी विचारलं नाही. त्यांनी तरी दाद मागायची कुठे? निजामाच्या कायदेमंडळात जालन्याच्या रयतेने निवडलेला एकही माणूस नव्हता.

१९०२ मध्येच, २६ मार्चला, कलकत्त्याच्या कायदे कौन्सिलात गोपाळ कृष्ण गोखले अर्थसंकल्पावर पहिल्यांदा बोलले. अर्थसंकल्पावर मत द्यायचा हक्क सभासदांना नव्हताच. बोलायचं आणि बसायचं. तरी गोखल्यांनी सरकारचेच आकडे सरकारपुढे मांडले : देश दुष्काळाने खंगलेला असताना तिजोरीत शिल्लक पडते, म्हणजे कर गरजेपेक्षा जास्त आहेत. मिठावरचा कर त्यांनी वर्षानुवर्षं लावून धरला. मणामागे अडीच रुपयांचा तो कर १९०३ मध्ये दोन, १९०५ मध्ये दीड आणि १९०७ मध्ये एक रुपयावर आला. श्रेय एकट्या गोखल्यांचं नाही, पण पाठपुरावा त्यांचा होता.

त्याच काळात लंडनला आयरिश पुढारी जॉन रेडमंड संसदेत बसत होते. १९१० च्या निवडणुकांत दोन मोठे पक्ष जवळपास समसमान आले आणि सत्तरच्या वर खासदार असलेल्या रेडमंडच्या हाती सरकारची नाडी आली. लॉर्डांच्या सभागृहाचा नकाराधिकार १९११ मध्ये छाटला गेला, पुढच्या एप्रिलमध्ये आयर्लंडच्या स्वराज्याचं विधेयक आलं. गोखल्यांकडे असलं संख्याबळ कधीच नव्हतं. म्हणून मला त्यांचं काम रेडमंडपेक्षा अवघड वाटतं.

गंमत म्हणजे गोखल्यांनी आयर्लंडकडून घेतला तो शाळेचा कायदा. १६ मार्च १९११ ला मांडलेलं त्यांचं प्राथमिक शिक्षणाचं विधेयक बरंचसं १८९२ च्या आयरिश कायद्यावर बेतलेलं होतं. मागणी किती बेताची! सहा ते दहा वर्षांची मुलं, चार वर्षांचं शिक्षण, तेही जिथे शाळेत जाणाऱ्यांचं ठरावीक प्रमाण आधीच गाठलेलं असेल तिथेच. सक्ती करायची की नाही हे नगरपालिका किंवा लोकल बोर्डाने सरकारच्या मंजुरीने ठरवायचं. महिना दहा रुपयांच्या आत मिळकत असलेल्या बापाला फी माफ. एवढ्यानेही सरकारी अधिकारी आणि जमीनदार बिथरले. १९ मार्च १९१२ ला मतं पडली : बाजूने १३, विरुद्ध ३८. आपण हरणार हे गोखल्यांना आधीच ठाऊक होतं, तरी त्यांनी मत घ्यायला लावलं. कोण कुठे उभा आहे हे कागदावर यावं, हा माझ्या मते त्यामागचा खरा डाव.

याच कौन्सिलात त्यांनी जिंकलंही. फेब्रुवारी १९१० मधला त्यांचा दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळला मुदतबंद मजूर पाठवणं थांबवण्याचा ठराव सरकारने मान्य केला. शाळेचं काम मात्र संस्थानांनी आधी केलं. बडोद्यात सयाजीरावांनी १९०६ मध्ये सक्ती राज्यभर नेली होती, कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये पाऊल उचललं. म्हणजे कौन्सिल नसलं तरी चालतं, असं कुणी म्हणेल. चालतं, पण राजा तसा असेल तरच. जालन्याच्या नशिबी तसा राजा नव्हता आणि आपला माणूस बसेल असं कौन्सिलही नव्हतं.

गोखले १९१५ मध्ये गेले. हैदराबाद संस्थान सप्टेंबर १९४८ मध्ये भारतात आलं. या मुलखाने संसदेसाठी पहिलं मत टाकलं ते १९५२ च्या निवडणुकीत. तेव्हा मतदारसंघाचं नाव अंबड होतं आणि निवडून आले काँग्रेसचे हनमंतराव वैष्णव.