व्यंगपटांतील सदृश प्राणिपात्रे : व्यवच्छेदक लक्षणांच्या दृष्टीने एक विचार

दोन वस्तू एकमेकींसारख्या आहेत, एवढे म्हटल्याने त्यांच्याविषयी फारच थोडे सांगितले जाते. ‘ताट’ आणि ‘थाट’ या शब्दांतील साम्याचे कितीही वर्णन केले, तरी एक शब्द म्हणजे दुसरा का नव्हे, याचा उलगडा होत नाही. तो होतो आद्य व्यंजनाच्या अल्पप्राण-महाप्राण या एका भेदावरून. निकोलाय त्रुबेत्स्कोय याच्या १९३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात अशा ध्वनिविरोधांचे वर्गीकरण आढळते; रोमान याकोबसन याने पुढे व्यवच्छेदक लक्षणांची उपपत्ती विस्ताराने मांडली. ध्वनींसाठी सिद्ध झालेली ही विचारपद्धती दृश्य चिन्हांनाही कितपत लागू पडते, हे पाहण्यास जुन्या अमेरिकन व्यंगपटांतील प्राणिपात्रे हे उत्तम क्षेत्र आहे.

या पात्रांतील साम्य आकस्मिक नाही. एकेका हालचालीसाठी असंख्य चित्रे हाताने काढावी लागत; म्हणून वर्तुळांनी बनलेले डोके व धड, नळीसारखे लवचिक हातपाय आणि सपाट काळा रंग ही रचना सोयीची ठरली. १९१९ मध्ये अवतरलेल्या फेलिक्स या मांजराच्या लोकप्रियतेने ती रूढ केली. शिवाय चित्रकार एका संस्थेतून दुसरीत जात आणि आपली रेखनशैली बरोबर नेत. त्यामुळे काळे अंग, पांढरा चेहरा, मोठे डोळे ही लक्षणे त्या काळी जणू सर्वांच्या सामाईक मालकीची झाली होती. जे सर्वांना समान, ते कोणालाच वेगळे करीत नाही. ओळख पटविताना ही लक्षणे प्रथम बाजूला ठेवली पाहिजेत.

ती बाजूला ठेवल्यावर काय उरते, हे तीन पात्रांच्या तुलनेने स्पष्ट होईल. वॉल्ट डिस्ने यांच्या संस्थेने १९२७ मध्ये युनिव्हर्सल कंपनीसाठी ऑस्वाल्ड हा ससा निर्माण केला. १९२८ मध्ये तो हातचा गेल्यावर डिस्ने आणि अब आयवर्क्स यांनी मिकी हा उंदीर घडविला. पूर्वी डिस्ने यांच्याकडे काम केलेल्या रुडॉल्फ आयझिंग यांनी १९३१ मध्ये वॉर्नर ब्रदर्सच्या व्यंगपटांत फॉक्सी हा कोल्हा आणला. तिघांची अंगयष्टी जवळजवळ एकच. भेद आहे तो कानांत आणि शेपटीत : ऑस्वाल्डचे कान लांब व शेपूट आखूड गोंड्यासारखी, मिकीचे कान गोल व शेपूट बारीक, लांब, फॉक्सीचे कान टोकदार व शेपूट झुपकेदार. येथे एकाजवळ काही आहे आणि दुसऱ्याजवळ ते नाही, असा अभावात्मक विरोध नसून प्रत्येकाजवळ स्वतःचे निश्चित लक्षण आहे. त्रुबेत्स्कोयच्या परिभाषेनुसार हा समबल विरोध होय.

या भेदाकडे दुर्लक्ष झाल्यास काय घडते, याचे एक बोलके उदाहरण उपलब्ध आहे. ‘नेक अँड नेक’ हा १९२८ मधील ऑस्वाल्डचा मूकपट हरवला असे समजले जात असे. २०१८ मध्ये त्याची एक प्रत जपानमध्ये असल्याचे उघड झाले. तेथील एका अभ्यासकाच्या संग्रहात ती कित्येक दशके होती. परंतु तिच्यावरील शीर्षकात नाव होते मिकीचे. प्रत नष्ट झाली नव्हती, ती दुसऱ्याच्या नावाखाली दडली होती. जतनाच्या कार्यात चुकीची ओळख ही नाशाइतकीच परिणामकारक ठरू शकते, हे यावरून ध्यानात येते.

साम्यातून भेद कसा घडविला जातो, हे चिप आणि डेल या जोडीच्या इतिहासात पाहावयास मिळते. खारीच्या कुळातील हे दोन चिपमंक १९४३ च्या ‘प्रायव्हेट प्लूटो’मध्ये प्रथम आले, तेव्हा त्यांना नावे नव्हती आणि त्यांच्यात ठळक भेदही नव्हता. १९४७ मध्ये जॅक हॅना यांनी दिग्दर्शित केलेल्या व्यंगपटात त्यांना नावे मिळाली. अठराव्या शतकातील इंग्रज फर्निचरकार टॉमस चिपेंडेल यांच्या आडनावाची दोन शकले करून ही नावे योजिली आहेत. नावांबरोबर भेदही आला. चिपचे नाक लहान व काळे, पुढचे दात जुळलेले, स्वभाव हिकमती. डेलचे नाक मोठे व तांबडे, दात फटीचे, डोक्यावर केसांचा झुपका, स्वभाव वेंधळा. दोन नावांना अर्थ प्राप्त व्हावयाचा तर दोन रूपांत विरोध असणे आवश्यक, हाच नियम येथे प्रत्ययास येतो.

मात्र सर्वच जोड्यांत लक्षणांची अशी विपुलता नसते. टेरीटून्स संस्थेचे १९४६ मधील हेकल आणि जेकल हे मॅगपाय पक्षी रूपाने अभिन्न आहेत. एकाचे बोलणे न्यूयॉर्कच्या वळणाचे, तर दुसऱ्याचे, म्हणजे जेकलचे, ब्रिटिश वळणाचे. भेद मुख्यतः एवढाच. मराठीत ‘थोडे’ या अर्थाचा ‘जरा’ आणि ‘वार्धक्य’ या अर्थाचा ‘जरा’ लेखनात एकरूप असून उच्चारात भिन्न आहेत, तसाच हा प्रकार. ध्वनिपट्टी काढून टाकली की विरोधाचा लोप होतो. डोनाल्ड या बदकाचे भाचे ह्यूई, ड्यूई व लूई यांची स्थिती याच्या उलट आहे. १९३७ मध्ये चित्रमालिकेतून आलेल्या या तिघांना आज अनुक्रमे तांबडा, निळा व हिरवा हे रंग लावले जातात. परंतु जुन्या पटांत हे रंग स्थिर नव्हते, आणि कृष्णधवल छपाईत तर ते उरतच नाहीत. डेलच्या नाकाचा तांबडेपणाही कृष्णधवल प्रतीत जातो. पण नाकाचा आकार, दात व केस शिल्लक राहतात. भाषेत ज्याला आपण अतिरिक्तता म्हणतो, ती निरुपयोगी भर नव्हे. माध्यम बदलले असता ओळख टिकविण्याचे काम तीच करते.

लक्षणांना कालक्रमही असतो. १९२८ च्या ‘स्टीमबोट विली’तील मिकीच्या हातांत मोजे नाहीत; ते १९२९ च्या ‘द ऑपरी हाउस’मध्ये आले. डोळ्यांतील पांढरा भाग व बाहुली असा भेद १९३९ मधील ‘द पॉइंटर’ या पटात दिसतो. मोजे असणे वा नसणे हा शुद्ध अभावात्मक विरोध आहे, आणि त्यास आता कायदेशीर महत्त्वही आले आहे. अमेरिकेत ‘स्टीमबोट विली’वरील स्वामित्वहक्क १ जानेवारी २०२४ रोजी संपला, १९२९ च्या पटांवरील हक्क त्यानंतर एका वर्षाने संपला. परंतु मुक्त झाली ती त्या त्या पटातील लक्षणे. पुढील पटांत नव्याने आलेली लक्षणे त्या पटांच्या मुदतीनुसारच मुक्त होतील. बोधचिन्हाविषयीचे हक्क आणखी निराळे. मिकी कोणता, या प्रश्नाचे उत्तर अशा रीतीने कोणत्या वर्षीचा, या प्रश्नावर अवलंबून राहते.

सारांश, सदृश पात्रांच्या निर्णयाचा क्रम असा असावा : प्रथम समान लक्षणे वगळावीत; नंतर विरोध दाखविणारी लक्षणे शोधावीत; समोरच्या प्रतीत त्यांपैकी कोणती टिकून आहेत आणि कोणती माध्यमामुळे लोपली आहेत, हे तपासावे; शेवटी त्या लक्षणांचा काळ पाहावा. शीर्षकपट्टीवरील नाव हा पुरावा खरा, पण तो एकमेव मानू नये. एखाद्या प्रतीत व्यवच्छेदक लक्षण उरलेच नसेल, तर तेथे निर्णय राखून ठेवणे हेच शास्त्रशुद्ध होय.