फ्लूची लस पावसाआधी

सरकारी दवाखान्यात बाळाला ज्या लसी मोफत मिळतात, त्यांत फ्लूची लस नाही. खासगी बालरोगतज्ज्ञांच्या तक्त्यात ती सहाव्या महिन्यापासून असते. खर्च आपला, म्हणून ती ऐच्छिक वाटते. शिवाय फ्लू म्हणजे सर्दी-तापच ना, हा समज. पण इन्फ्लुएंझाचा न्यूमोनिया होऊ शकतो, आणि हा धोका पाच वर्षांखालच्या, त्यातही दोन वर्षांच्या आतल्या मुलांना अधिक.

फ्लूच्या विषाणूच्या पृष्ठभागावर हिमॅग्लुटिनिन नावाचं प्रथिन असतं. त्याच्या आधारे तो श्वसनमार्गातल्या पेशींना चिकटतो. बाळाला टोचतात त्या लशीत निष्क्रिय केलेल्या विषाणूचे अंश असतात, म्हणून तिच्यामुळे फ्लू होऊच शकत नाही. मांडी दुखेल, एखादा दिवस कणकण येईल, एवढंच. शरीर ते प्रथिन ओळखून प्रतिपिंडं तयार करतं.

मोठ्या माणसाच्या शरीराने फ्लू कधी ना कधी पाहिलेला असतो, बाळाच्या बहुधा नाही. म्हणून पहिल्या वर्षी त्याला दोन डोस लागतात. पहिल्या डोसने नुसती ओळख होते. चार आठवड्यांनंतरचा दुसरा डोस ती पक्की करतो. पुरेसं संरक्षण यायला त्यानंतरही साधारण दोन आठवडे लागतात. पहिला घेऊन दुसरा विसरणारे पालक बरेच, आणि नुकसान तिथेच होतं. पुढच्या वर्षापासून मात्र एकच डोस पुरतो, पण तो दरवर्षी हवा, कारण हे प्रथिन सतत रूप बदलतं. जागतिक आरोग्य संघटना फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी लशीतले प्रकार सुचवते.

काश्मीरमध्ये फ्लू थंडीत वाढतो, आपल्याकडे पुण्या-मुंबईत मुख्यतः पावसाळ्यात. आता हिशेब उलटा मांडा: दोन डोसांमधले चार आठवडे, वरचे दोन, म्हणजे सहा. जूनच्या मध्यावर बाळ तयार हवं, तर पहिला डोस एप्रिलअखेरीस.

लस घेतलेल्या मुलालाही कधी फ्लू होतो. तो गंभीर होण्याची शक्यता मात्र कमी होते.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ही लस देत नाहीत. त्याच्यासाठी आईने गरोदरपणात घ्यावी. तिची प्रतिपिंडं वारेतून बाळापर्यंत पोचतात. घरातल्या आजी-आजोबांनीही घेतली तर उत्तम.

तुमच्या बाळाला सहा महिने पूर्ण झाले असतील, तर डॉक्टरांना या लशीबद्दल आपणहून विचारा. एप्रिल हुकला तरी जूनमध्ये घ्या. पावसाळा सप्टेंबरपर्यंत चालतो.