गड चढताना पोटात काय घडते?

रायगडाच्या पायथ्याशी येणाऱ्यांसमोर दोन वाटा असतात. हिरकणीवाडीतून १९९६ मध्ये सुरू झालेल्या रोपवेने चार-पाच मिनिटांत माथा गाठता येतो. चित्त दरवाजाकडून निघाले तर चौदाशेहून अधिक पायऱ्या. त्या चढताना धाप लागते, पोटऱ्या भरून येतात. तेव्हाच पोटातही मोठी उलथापालथ सुरू असते.

आपण स्वस्थ बसलेलो असताना हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा ते चौथा हिस्सा पचनसंस्थेकडे जातो. जेवणानंतर तो आणखी वाढतो. खडा चढ सुरू झाला की पायांचे स्नायू रक्त मागतात. मज्जातंतू आतड्यांकडच्या रक्तवाहिन्या आकुंचित करतात आणि तिथला पुरवठा निम्म्याहूनही खाली येऊ शकतो. पिठलं-भाकरीवर ताव मारून लगेच पायऱ्या चढणाऱ्याला मळमळते, पोटात कळ येते, ती यामुळेच. लांब पल्ल्याच्या धावपटूंनाही हाच त्रास होतो. तान्ह्या बाळाच्या ओढीने रात्री कडा उतरलेल्या हिरकणीची कथा खरी मानली, तर त्या क्षणी तिच्या शरीराने पचन पूर्ण बाजूला ठेवले असणार. जीव वाचवायचा असताना शरीर हेच करते.

संथ हालचालीचा परिणाम मात्र उलटा होतो. अमेरिकी डॉक्टर विल्यम बोमाँट यांनी पोटाला कायमचे छिद्र राहिलेल्या एका रुग्णाचे जठर अनेक वर्षे प्रत्यक्ष पाहिले. हलक्या व्यायामाने पचनाला मदत होते, असे त्यांनी १८३३ मध्ये नोंदवले. आपली शतपावली याच जातीची. चालताना स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, त्यामुळे जेवणानंतरची तिची उसळी कमी होते. पोटातला वायू पुढे सरकतो. नियमित चालणाऱ्यांना बद्धकोष्ठताही कमी सतावते. अर्थात सोबत पुरेसे पाणी आणि नाचणीसारखे तंतुमय अन्न हवे. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोकाही सक्रिय माणसांत कमी आढळतो.

आतड्यातले जीवाणूही व्यायामाला प्रतिसाद देतात. इलिनॉय विद्यापीठातील संशोधकांनी बैठे जीवन जगणाऱ्या ३२ जणांकडून सहा आठवडे व्यायाम करून घेतला. आहार बदलला नाही. आतड्याच्या अस्तराला पोसणारे ब्युटिरेट वाढले, विशेषतः सडपातळ व्यक्तींमध्ये. पुढचे सहा आठवडे व्यायाम थांबवला, तेव्हा हा लाभ बराचसा ओसरला. हा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला.

म्हणूनच वर्षातून एकदा गड सर करून पोटाचे भले होत नाही. आठवड्याला दीडशे मिनिटांची मध्यम हालचाल हवी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. रोज अर्धा तास भरभर चालले, तर पाच दिवसांत ती पूर्ण होते.

गडावर जाताना भरपेट जेवण आणि चढ यांत दोन-तीन तास जाऊ द्या, पाणी घोट घोट प्या. चढताना छातीत आवळले आणि थांबल्यावर बरे वाटले, तर ‘पित्त झाले’ म्हणून सोडून देऊ नका. ते हृदयाचे दुखणे असू शकते, डॉक्टरांना दाखवाच. गुडघे किंवा हृदय साथ देत नसेल तर रोपवेने खुशाल जा. वर पोहोचल्यावर मात्र होळीच्या माळावरून, बाजारपेठेतून जगदीश्वराच्या मंदिरापर्यंत जमेल तेवढे सावकाश चाला. पोटाला मानवणारी चाल हीच आहे, आणि घरी परतल्यावर ती रोज सुरू ठेवता येते.