विलायती काच ओळखा, मगच तराजूत घाला

आगरदांडा, मुरूड आणि खाडीपलीकडील दिघी या भागातील आपल्या कित्येक बुजुर्गांनी जहाजावर नोकऱ्या केल्या. त्यामुळे जुन्या घरांच्या कपाटांत विलायती काचेचे प्याले, बशा, साखरदाण्या सापडणे नवलाचे नाही. घर नव्याने बांधताना हा ऐवज भंगारात जातो. विकणे गैर नाही, न ओळखता विकणे तोट्याचे आहे.

आम्ही कापडवाले तागा हाती आला की आधी गिरणीचा शिक्का पाहतो. काचेचेही तसेच आहे.

प्रथम घडण पाहावी. साच्यात दाबून केलेल्या भांड्याची नक्षी बाहेरून उठावाची व आतून बहुधा सपाट असते. साच्याच्या सांध्याची बारीक रेघ बोटाला लागते. हाताने कापलेल्या नक्षीच्या कडा तीक्ष्ण असतात, दाबलेल्या नक्षीच्या गोलसर.

नंतर भांडे उजेडात धरून तळ आतून-बाहेरून तपासावा. चौकटच्या आकाराचा ठसा व वरच्या वर्तुळात रोमन तीनचा आकडा असेल, तर तो १८४२ ते १८८३ या काळातील ब्रिटिश नोंदणीचा ठसा होय. तीन हा काचेचा वर्ग. १८८४ पासून इंग्रजी ‘आरडी’ अक्षरे व पुढे क्रमांक येऊ लागला. १८८५च्या आरंभी हा क्रमांक सुमारे १९,७५० होता, तर १९००च्या आरंभी सुमारे ३,५१,०००.

कारखान्यांच्या निशाण्याही आहेत. मोराचे डोके गेट्सहेडच्या सोअर्बीचे. बुरुजातून वर येणारा सिंह तेथल्याच डेव्हिडसनचा. पंजात तारा किंवा कुऱ्हाड धरलेला सिंह संडरलंडच्या ग्रीनरचा. कडेकडे दुधी होत जाणारी निळी वा पिवळी काच दिसल्यास डेव्हिडसनची ‘पर्लाइन’ आठवावी. तिचे पेटंट १८८९चे.

दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. ठशावरील तारीख नक्षीच्या नोंदणीची असते, भांडे त्यानंतर कित्येक वर्षांनीही घडलेले असू शकते. शिवाय पुष्कळ अस्सल मालावर ठसाच नसतो, आणि तशीच नक्षी इतर देशांतही निघाली. म्हणून नुसत्या नक्षीवरून ‘विलायती’ म्हणून दाम घेऊ नये.

विकणाऱ्याने ठसा दाखवून मुंबईच्या चोर बाजारात दोन-तीन दुकानी भाव विचारावा. घेणाऱ्या व्यापारी बंधूंनीही अडाणी घरमालकाला फसवू नये, आणि पुढे विकताना टवका, चीर गिऱ्हाइकाला दाखवावी. मालातील ऐब सांगून केलेला सौदाच हलाल, आणि त्यातच बरकत आहे.