फसव्या रंगांची जहाजे

हिरव्या गवतातील हिरवा नाकतोडा किंवा झाडाच्या खोडावर बसलेला सरडा चटकन दृष्टीस पडत नाही. परिसरात मिसळून जावे आणि शत्रूची नजर चुकवावी, ही निसर्गाची जुनी युक्ती आहे. सैनिकांचा खाकी पोशाखही याच तत्त्वावर बेतलेला असतो. परंतु लपणे मुळी शक्यच नसेल तर काय करावे? पहिल्या महायुद्धात ब्रिटनपुढे हाच प्रश्न उभा राहिला.

ब्रिटन हा बेटांचा देश. तेथील लोकांचे बरेचसे अन्न समुद्रमार्गाने येई. १९१७ च्या फेब्रुवारीपासून जर्मन पाणबुड्या व्यापारी जहाजांवर सरसकट हल्ले करू लागल्या. एकट्या एप्रिल महिन्यात दोस्तांची व तटस्थ राष्ट्रांची मिळून ८ लक्ष टनांहून अधिक जहाजे बुडाली. ब्रिटिश व्यापारी जहाजांवर राबणाऱ्या खलाशांत आपल्या कोकणातील व गोव्यातील माणसेही होती.

जहाज लपवावे तरी कसे? समुद्राचा व आकाशाचा रंग घटकेघटकेला पालटतो आणि धुराड्यातील धूर तर दुरूनही दिसतो. तेव्हा नौदलात असलेले चित्रकार नॉर्मन विल्किन्सन यांनी निराळा विचार मांडला : जहाज लपवू नये, पाहणाऱ्याला चकवावे.

आबाधोबीच्या खेळात धावत्या गड्यावर चेंडू नेमका कोठे फेकावा लागतो? तो आता आहे तेथे नव्हे, तर क्षणभराने जेथे पोहोचेल तेथे. पाणतीराचेही तसेच असते. पाणबुडीवरील अधिकाऱ्याला पेरिस्कोपमधून जहाजाची दिशा, वेग आणि अंतर अजमावावे लागे. त्यात थोडी जरी चूक झाली, तरी पाणतीर वाया जाई. म्हणून विल्किन्सन यांनी जहाजांवर काळे, पांढरे, निळे असे तिरपे पट्टे रंगवावयास सांगितले. त्यांमुळे जहाजाची कड तुटल्यासारखी भासे आणि त्याची नाळ कोणीकडे वळली आहे, हे चटकन उमगत नसे.

या कामासाठी लंडनच्या रॉयल ॲकॅडमीत कार्यशाळा उघडण्यात आली. तेथे जहाजांच्या लहान लाकडी प्रतिकृती रंगवीत. त्या फिरत्या पाटावर ठेवून पेरिस्कोपमधून न्याहाळीत आणि अधिकांत अधिक फसवी ठरणारी नक्षी निवडून तिचे आराखडे बंदरांना धाडीत. या कामात अनेक तरुण स्त्री-चित्रकार होत्या. शत्रूला ओळख पटू नये म्हणून जहाजाच्या दोन्ही बाजूंची नक्षी वेगवेगळी ठेवीत. युद्ध संपेपर्यंत ४,००० हून अधिक ब्रिटिश व्यापारी जहाजांना असे रंग चढले.

या रंगांनी किती जहाजे वाचविली? याचे निश्चित उत्तर देता येत नाही. कारण त्याच सुमारास जहाजे ताफ्याने व युद्धनौकांच्या संरक्षणात जाऊ लागली होती. परंतु खलाशांना मात्र त्या पट्ट्यांनी धीर दिला, हे खरे. पुढे रडार आले. त्याला रंग दिसत नाहीत. त्यामुळे या नक्षीचे महत्त्व ओसरले.

तरीही विल्किन्सन यांची दृष्टी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. जे साधणारे नाही त्याचा हट्ट त्यांनी सोडला आणि प्रश्नच नव्याने मांडला. बिकट प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा असेच सापडते.