मध्यरेषेवरचं वाशीम आणि मद्रासची वही

वाशीममध्ये मध्यमेश्वराचं देऊळ आहे. पृथ्वीची मध्यरेषा इथूनच जाते, असं गावात पिढ्यानपिढ्या सांगतात. हे सांगणं नुसतं स्थलपुराण म्हणून सोडून देण्यासारखं नाही. शके ११०५ (इ.स. ११८३) हा आरंभ धरून भास्कराचार्यांनी ‘करणकुतूहल’ रचलं. त्यात मध्यरेषेवरच्या ठिकाणांची यादी आहे आणि लंका, कांची, पर्यली, उज्जयिनी, कुरुक्षेत्र यांच्या रांगेत वत्सगुल्मही आहे. वत्सगुल्म म्हणजे आपलं वाशीम, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी.

पंचांग करणाऱ्याला या रेषेचं महत्त्व फार. ग्रहांचं गणित आधी मध्यरेषेसाठी होतं. आपलं गाव रेषेच्या पूर्वेला की पश्चिमेला, आणि किती दूर, ते पाहून मग त्यात देशांतर-संस्कार करायचा. रेखांशाच्या एका अंशाला दहा पळं, म्हणजे चार मिनिटं. वाशीमच्या जोशाला हा संस्कार करायचं कारणच नव्हतं. ग्रंथाप्रमाणे त्याचं देशांतर शून्य.

आजच्या मोजणीने मात्र उज्जैन सुमारे ७५ अंश ४६ कला रेखांशावर आहे आणि वाशीम ७७ अंश ८ कलांच्या आसपास. फरक जवळजवळ चौदा पळांचा. जमिनीवर तेच अंतर पूर्व-पश्चिम दीडशे किलोमीटरच्या घरात जातं. यात भास्कराचार्यांना कमीपणा नाही. अक्षांश एका ठिकाणी बसून काढता येतो, ध्रुवाची उंची मोजली की झालं. रेखांशाला दोन ठिकाणं लागतात. चंद्रग्रहणाचा स्पर्श दोन्हीकडे एकाच क्षणी दिसतो. त्या क्षणी इथे किती घटका झाल्या आणि तिथे किती, एवढाच प्रश्न. पण दोघांनी ते त्याच रात्री लिहून ठेवलं पाहिजे आणि पुढे कधीतरी ते दोन कागद एकमेकांसमोर आले पाहिजेत.

आकाश पाहणारे आपल्याकडे होते. कोकणातल्या नांदगावच्या केशव दैवज्ञांनी शके १४१८ मध्ये ‘ग्रहकौतुक’ लिहिताना कोणता ग्रह कोणत्या सिद्धांताशी जुळतो, हे वेध घेऊन ठरवलं. त्यांच्या मुलाने, गणेश दैवज्ञांनी, त्याच पायावर ‘ग्रहलाघव’ उभारलं आणि पुढची कित्येक शतकं महाराष्ट्राची पंचांगं त्यावर चालली. अठराव्या शतकाच्या अखेरीस, शके १७१३ मध्ये, साताऱ्याच्या चिंतामणी दीक्षितांनी ‘गोलानंद’ या वेधयंत्रावर ग्रंथ लिहिला. मात्र या परंपरेत पुढच्या पिढीच्या हाती पडे तो निष्कर्ष, पाठ करायला सोपा असा श्लोकबद्ध. पेशव्यांच्या दफ्तरात रुपया-आण्यांची रोजकीर्द रुमालांत बांधून जपली गेली. तशी आकाशाची रोजकीर्दही कुणी बांधून ठेवली असती तर, हा विचार मला सोडत नाही.

नेमक्या त्याच वर्षांत मद्रासला अशी एक वही भरत होती. विल्यम पेट्री हा ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी. त्याने १७८६ मध्ये मद्रासच्या एग्मोर भागात स्वतःच्या खर्चाने खाजगी वेधशाळा उभारली. तिच्या नोंदींतली सर्वांत जुनी तारीख ५ डिसेंबर १७८६ ही आहे. दुर्बिणी होत्या, पण माझ्या मते खरा जीव होता तो शेल्टन या घड्याळजीने घडवलेल्या लंबकाच्या घड्याळात. ते आजही कोडाइकनालच्या वेधशाळेत जपलेलं आहे. अर्थात घड्याळ कितीही चांगलं असलं तरी थोडं मागेपुढे होणारच. म्हणून ओळखीचा तारा मध्यान्हवृत्त ओलांडताना घड्याळात काय वाजलं ते टिपायचं; ते किती पुढे आहे, किती मागे, हे त्यावरून कळे. मग गुरूचा चंद्र गुरूच्या सावलीत शिरला की ती वेळ लिहायची. हेही ग्रहण सगळीकडून एकाच क्षणी दिसतं आणि चंद्रग्रहणापेक्षा कितीतरी वेळा येतं. युरोपातल्या वेधशाळेचा त्याच रात्रीचा आकडा जहाजाने यायला महिने लागत. तोवर इथला आकडा कुणाच्या स्मरणात नव्हे, कागदावरच टिकायचा.

पेट्रीने ही वेधशाळा कंपनीला दिली आणि १७९२ मध्ये मद्रासमध्येच नुंगमबाक्कमला तिची नवी इमारत झाली. तिथल्या ग्रॅनाइटच्या खांबावर तमिळ आणि तेलुगूतही लेख कोरलेला आहे. पुढे तिथल्या जॉन गोल्डिंगहॅम या खगोलशास्त्रज्ञाने साठलेल्या वेधांवरून मद्रासचा रेखांश ८० अंश १८ कला ३० विकला ठरवला. लॅम्बटन या सर्वेक्षकाने १८०२ मध्ये मद्रासहूनच त्रिकोणमितीची मोजणी सुरू केली. ती उत्तरेकडे सरकत वऱ्हाडापर्यंत आली. लॅम्बटन १८२३ मध्ये वाटेतच, हिंगणघाटला वारला. सगळ्या देशाचे रेखांश मद्रासपासून मोजले गेले. एकेकाळी ज्या वत्सगुल्माच्या रेषेपासून इतरांनी आपलं अंतर धरलं, त्याचं स्वतःचं ठिकाण आता एका वेधशाळेच्या खांबापासून ठरू लागलं.

गोल्डिंगहॅमचा आकडाही चुकीचाच होता. मद्रासची वेधशाळा प्रत्यक्षात ८० अंश १४ कला ५० विकलांच्या आसपास आहे. म्हणजे चूक सुमारे साडेसहा किलोमीटरची. पण कोणत्या वेधांवरून तो आकडा आला, हे लिहिलेलं होतं. त्यामुळे तो पुन्हा तपासता आला. आधी ८० अंश १७ कला २१ विकला झाला, नंतर आणखी खाली आला. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या नकाशांच्या समासात बारीक अक्षरांत एक टीप असे: मद्रासचा रेखांश ८० अंश १७ कला २१ विकला धरला आहे, तेव्हा इथल्या प्रत्येक रेखांशातून २ कला २७ विकला वजा कराव्यात. मद्रासपासून मोजलेल्या वाशीमलाही तीच वजाबाकी लागू होती.