भांड्यावरचे नाव

दुसऱ्याने वापरलेली वस्तू विकत घेणे हे आपल्याकडे सहसा नाइलाजाचे लक्षण समजले जाते. त्यातही दुसऱ्याच्या ओठांना लागलेली वस्तू म्हणजे उष्टी. तिला घरात जागा कोण देणार? तरीही इटलीत हाताने घडवलेले आणि ओढून झालेले तंबाखूचे जुने पाइप हौसेने जमवणारे रसिक जगभर आहेत. या छंदाला हसण्यापूर्वी त्यामागची दृष्टी समजून घेणे इष्ट ठरेल. कारण वालचंदनगरसारख्या कारागिरांच्या गावालाही तिच्यापासून घेण्याजोगे काही आहे.

हे पाइप ब्रायर नावाच्या लाकडाचे असतात. भूमध्य समुद्राकाठच्या एका झुडपाच्या मुळाशी कठीण गाठ धरते. ती खणून, कापून तासन्‌तास उकळतात आणि मग कित्येक महिने, कधी वर्षानुवर्षे सुकू देतात. एवढे करूनही कोरताना आतला खडा किंवा चीर उघडी पडली, की बराचसा खटाटोप वाया जातो. या कसोटीस उतरलेल्या पाइपवर घडवणाऱ्याची खूण उमटते. मिलानची साविनेल्ली ही पेढी १८७६ सालची. कार्लो स्कॉट्टी यांनी कान्तू येथे ‘कास्तेल्लो’ची कार्यशाळा १९४७ मध्ये काढली. जुना पाइप हाती येताच संग्राहक प्रथम ही खूण शोधतो. आतली काजळी खरवडतो, मद्यार्काने नळी धुतो. पण घासताना खूण पुसली जाऊ नये म्हणून जपतो. ती झिजली की मोल उतरते.

यात तंबाखूची तरफदारी मुळीच नाही. तिच्यामुळे कर्करोग आणि हृदयविकार होतात, हे निर्विवाद सिद्ध झाले आहे. व्यसन त्याज्यच, मात्र त्याच्या उपकरणात ओतलेले कसब त्याज्य ठरत नाही. पुण्याचे दिनकर केळकर (१८९६–१९९०) यांनी हा भेद ओळखला होता. हुक्के, अडकित्ते, दिवे, दौती अशा नित्य वापराच्या हजारो वस्तू त्यांनी गावोगाव हिंडून जमवल्या, अकाली निवर्तलेल्या राजा या मुलाच्या नावाने संग्रहालय उभारले आणि पुढे ते महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केले.

अशा जुन्या अडकित्त्याची घडण पाहून मन थक्क होते. पण तो घडवणारा कोण, हे बहुधा सांगता येत नाही. आपण भांड्यावर नाव घालतो ते मालकाचे, नाहीतर आहेर करणाराचे. तांबटाचे नाव घालावे, असे कोणाच्या मनातही येत नाही.

हीच रीत यंत्रयुगातही चालू राहिली. इंदापूर तालुक्यात वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) यांनी साखर कारखाना आणि त्याभोवती वसाहत उभी केली. गावालाच त्यांचे नाव मिळाले. पुढे तेथील कार्यशाळांनी साखर आणि सिमेंट कारखान्यांची यंत्रे घडवली, अणुऊर्जेसाठी सामग्री दिली, इस्रोच्या अग्निबाणांच्या मोटारींची आवरणे बनवली. यंत्रावर कंपनीचे नाव असते आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या टर्नरच्या, फिटरच्या, वेल्डरच्या हाताने ते काम साधले, त्यांची नोंद लोकांसमोर कोठे आहे?

मोठी यंत्रे जपणे खर्चाचे असते. निवृत्त कामगारांच्या घरची हत्यारे, हाताने केलेली मापे, जुने आराखडे जपण्यास मात्र शाळेतील किंवा वाचनालयातील एखादी खोली पुरेल. प्रत्येक वस्तूशेजारी तिच्या कर्त्याचे नाव, काम आणि साल लिहावे. सांगणारी माणसे हयात आहेत तोवरच हे शक्य आहे. नंतर त्या हत्यारांना मोल उरेल ते भंगाराच्या वजनाइतकेच.